देवाचे नऊ किलो

उमरेठ,
चैत्र सुद सप्तमी

पूज्य वजुमामांच्या चरणी (दोन्ही चरणी, दुखऱ्या गुडघ्याच्या चरणाला जरा हळू),

अनुपरामचा साष्टांग नमस्कार. मामा, आजवर मी तुम्हाला साष्टांग लिहीत होतो तो निव्वळ शिष्टाचार होता. गेली वीस वर्षं माझं पोट आधी जमिनीला टेकायचं आणि कपाळ, छाती, गुडघे वगैरे बाकीची मंडळी हवेत ताटकळत राहायची. यंदा मात्र आठही अंगं टेकतात. काल देवघरासमोर टेकून पाहिली. उठवायला शर्मिष्ठेला बोलवावं लागलं, पण टेकली हे खरं.

मामींचा खोकला बसला असेल अशी आशा आहे. गच्चीवरची माकडं अजून लोणच्याच्या बरण्या उघडतात का तेही कळवा. तुम्ही दिवाळीच्या पत्रात विचारलं होतंत, "अनु, तब्येत कशी आहे?" आणि मी उत्तरात "मजेत" एवढा एकच शब्द लिहिला होता. तो शब्द खोटा होता. खरं लिहायला बाची बंदी होती. (तिचं म्हणणं, खंभातला कळलं की वजु काळजीने जेवणार नाही. तुम्ही काळजीने जेवत नाही असं मी कधी पाहिलेलं नाही, पण थोरल्या बहिणीला धाकटा भाऊ कायम सात वर्षांचाच दिसतो.) आता लिहितो, कारण प्रकरण माझ्या हाताबाहेर गेलं आहे आणि बा या जगात फक्त दोघांचं ऐकते, एक डाकोरचा रणछोडराय आणि दुसरे तुम्ही. पहिल्याला मी पत्र घालू शकत नाही.

तर लाभपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ज्ञातीच्या वाडीत साखर तपासणीचं शिबिर होतं. मी तपासून घ्यायला गेलो नव्हतो, रांग लावायला गेलो होतो. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला समोर वाकडी रांग बघवत नाही. रांग सरळ झाली, आणि लोक सुईला भीत होते म्हणून मी नमुना म्हणून स्वतःचं बोट पुढे केलं. यंत्रावर आकडा आला तीनशे अठ्ठ्याऐंशी. मी म्हटलं, हा तर आपल्या जिल्ह्याचा पिनकोड, पुढचे तीन आकडे कुठे आहेत? कोणी हसलं नाही. मग मला काट्यावर उभं केलं. मामा, तुम्ही आयुष्यभर पेढीवर धान्य तोललंत, मी पार्सलं तोलली, तराजू म्हणजे काय ते आपल्या दोघांना कळतं. पण आपण स्वतः कधी पारड्यात पाय ठेवला का? काटा शहाण्णववर थांबला. एवढ्या वजनाचं पार्सल मी नोकरीत असतो तर परतच केलं असतं.

डॉक्टर म्हणजे आपल्या पारीखांची पूर्वी. ही लहानपणी माझ्या खिडकीवर तिकिटं घ्यायला यायची आणि एकदा तिने तिकिटाच्या चित्राच्या बाजूला थुंकी लावली म्हणून मी तिला चार माणसांत रागावलो होतो. माणसं विसरत नाहीत, मामा. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, "अनुकाका, चैत्र लागेपर्यंत मुदत देते. गोळी रोज, चालणं रोज, आणि आजपासून सगळं मोळं खायचं. आकडा उतरला नाही तर रोज पोटात सुई." पोटात! म्हणजे जिथे गुन्हा घडला तिथेच शिक्षा.

आता या 'मोळं' शब्दाने जो घोटाळा केला तो ऐका. मी घरी आलो. बा झोपाळ्यावर, शर्मिष्ठा मेथी निवडत होती, आणि समोरच्या मंजुळाबेन नेहमीप्रमाणे बसलेल्या (त्या कधी येतात ते कोणी पाहिलेलं नाही, त्या बसलेल्याच असतात). मी जसं ऐकलं तसं सांगितलं: मोळं खायचं. एक काना नाही, एक मात्रा नाही. तार पोचवणं पोस्टमास्तराचं काम, तिचा अर्थ लावणं हे घरच्यांचं. आणि घरच्यांनी तो लावला. चहा मोळा म्हणजे साखर नाही, हे खरं. पण भाजी मोळी म्हणजे मीठ नाही, हेही तितकंच खरं. पूर्वी चहातलं मोळं बोलली होती, आणि आमच्या घरात भाजीतलं मोळं पोचलं. बाने झोपाळा थांबवला आणि निकाल दिला, "मोळं म्हणजे मीठ बंद! मोळाकत मी सहा वर्षं केलंय, मला नका शिकवू."

मोळाकत, मामा! आषाढात आठ-आठ वर्षांच्या पोरी पाच दिवस मीठ सोडून गौरीमाकडे चांगला नवरा मागतात ते व्रत एकसष्टाव्या वर्षी मिशांसकट मी करायला बसलो, आणि तेही पाच नव्हे, एकोणीस दिवस. व्रतात जे जे चालतं ते ते मला चालू झालं. सकाळी दूध-केळं. दुपारी तुपातल्या मोळ्या पुऱ्या आणि खीर. चार वाजता सुकामेवा. रात्री शिरा. साखरेचा डबा अर्थातच बंद झाला होता, शिरा गुळाचा होता, कारण गूळ म्हणजे साखर नव्हे यावर आमच्या अख्ख्या गल्लीचं एकमत आहे. डाळीतला गूळ तर कोणाच्या गणतीतच नव्हता. त्याला आपल्याकडे कोणी गोड म्हणतं का? ती डाळच असते. मंजुळाबेन रोज खिडकीतून विचारायच्या, "काय अनुभाई, कसा नवरा मागितलात? नोकरीवाला की धंदेवाला?" त्यांच्या नातीने तर मला जवारे पेरायला मातीचं कुंडं आणून दिलं. पोर अगदी मनापासून म्हणाली, "दादा, पाणी रोज घालायचं हं, नाहीतर टकल्या मिळतो." मी घातलं.

एकोणिसाव्या दिवशी पूर्वीकडे गेलो. तिने रक्तदाब घेतला आणि खूश झाली. म्हणाली, "काका, दाब किती सुरेख झालाय! मीठ कमी केलंत वाटतं?" मी म्हटलं, कमी कसलं, सोडलंच. मग काट्यावर चढलो. अठ्ठ्याण्णव. तिने काट्याला दोनदा टाचेने ढोसलं. मग मला खुर्चीत बसवून रोज काय काय खातो ते विचारलं आणि मी सांगत गेलो तसतशी ती लिहायची थांबली. शेवटी तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अनुकाका, तुम्ही मला तिकिटावरून रागावला होतात ना? आज फिटलं." आणि मग जे रागावली ते बाहेर बसलेल्या नऊ पेशंटांनी ऐकलं. (नऊही आपल्या ज्ञातीतले.)

त्यानंतर सुरू झालं ते खरं मोळं. मामा, गुळाशिवायची डाळ तुम्ही पाहिली आहे का? मी पहिल्या दिवशी वाटीत पाहिली आणि ओळखलीच नाही. शर्मिष्ठेला म्हटलं, हे कोण? तिने शांतपणे सांगितलं, "तुमचीच डाळ आहे, आता खरं बोलायला लागली आहे." (शर्मिष्ठा लग्नानंतर तीस वर्षं गप्प होती, या आजाराने तिला बोलायला एक विषय मिळवून दिला.) ताटाची आखणी पूर्वीने कागदावर करून दिली होती: अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ किंवा मूग, उरलेल्या पावात रोटली नाहीतर भात, दोन्ही नाही. मी तो कागद घेऊन बसायचो आणि हद्दीचं उल्लंघन करायचो. भेंडीच्या खाली रोटली दडवली की वरून भाजीचाच प्रदेश दिसतो. गल्लीतही ज्याने त्याने हातभार लावला. एकाने जांभळाच्या बियांची पूड दिली, एकाने कडुनिंबाचा काढा, आणि एकाने सांगितलं की कारली परातीत घालून अनवाणी तुडवायची, तळव्यातून गुण चढतो. मी अर्धा तास कारली तुडवली. गुण कुठे चढला ते माहीत नाही. त्यातल्या दोन कारल्यांची शर्मिष्ठेने रागाच्या भरात भाजी केली असा मला अजून संशय आहे.

चालण्याचंही तसंच. तलाटी होते ते इंदुभाई, त्यांनी 'प्रभात भ्रमण मंडळ' काढलं आहे. पाच सभासद, पाचांनाही साखर. पहाटे निघायचं, तळ्याला दोन फेऱ्या मारायच्या, आणि तिसरी फेरी बरोबर अशा वेळी पडते की नाक्यावरच्या कढईतून मेथीचे गोटे पहिल्यांदा बाहेर येतात. इंदुभाईंचं म्हणणं, मेथी साखरेवर औषध आहे. त्यावर कोणी हरकत घेत नाही. मीही घेतली नाही. मंडळाचं वजन वाढत चाललं होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता, आता तुम्ही बारीक दिसता हं.

आता जी गोष्ट लिहितो ती लिहिताना मला हसू येत नाही. पहिल्या तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी बा एकटी बस पकडून डाकोरला गेली होती. परत आली आणि म्हणाली, नवस बोलून आले. माझ्या अनुचा आकडा उतरला की त्याच्या भारोभार साकरतुला करेन, एका पारड्यात तो, दुसऱ्यात खडीसाखर. (मुलाला साखर झाली म्हणून देवाला साखर कबूल करणं हे बालाच सुचू शकतं.) आणि आकडा उतरेपर्यंत तिने स्वतः गळपण, म्हणजे गोड म्हणून जे जे ते, सोडलं. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. मामा, तुम्हाला तुमची बहीण माहीत आहे. ब्याऐंशी वर्षांची, अंगात मांस नाही, शिबिरात तिचा साखरेचा आकडा आला ब्याण्णव, अगदी गावजेवणाच्या दुसऱ्या दिवशी. चहात चार चमचे साखर आणि जेवणावर गुळाचा खडा, एवढंच तिचं ऐश्वर्य. गंमत म्हणजे त्या एकोणीस दिवसांत गूळ तिने स्वतःसाठी गोड धरला आणि माझ्यासाठी औषध. शिरा हलवायची ती, चाखायची शर्मिष्ठा, खायचो मी.

मार्गशीर्षात एका दुपारी सगळे झोपले आहेत असं पाहून मी स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याच्या मागावर गेलो. बा तिथे पाटावर बसली होती, पाठ माझ्याकडे. पुढे बशीत मोळा चहा. ती बशी उचलायची, तोंडापर्यंत न्यायची, आणि परत ठेवायची. चहा कधीच निवला होता तरी त्यावर फुंकर घालत होती. मग देवाच्या तसबिरीकडे बघून म्हणाली, "चल, आजचाही घेते. पण त्याचं लवकर कर हं, भई. मला काही फार वर्षं नाहीत चहा प्यायला." आणि डोळे मिटून, औषध घ्यावं तसा, पिऊन टाकला. माझा हात डब्याच्या झाकणावर होता. मामा, मला माझी इतकी लाज वाटली की मी तसाच मागच्या मागे बाहेर आलो आणि झोपाळ्यावर बसून रडलो. एकसष्ट वर्षांचा माणूस. मंजुळाबेननी पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपली खिडकी लावून घेतली.

त्या दिवसापासून मी नीट वागलो. भेंडीखाली रोटली दडवली नाही. नाक्याच्या अलीकडेच रस्ता ओलांडून कढईकडे पाठ करून चाललो (इंदुभाई मला फितूर म्हणतात). गोळी वेळेवर, ताट कागदाप्रमाणे, भूक लागली की ताक नाहीतर मूठभर चणे. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, पुढचे नुसते वाईट गेले, आणि मग एके दिवशी मोळ्या डाळीत मला चक्क डाळीची चव लागली. होळीला धाणी-खजूर आले तेव्हा धाणीच्या लाह्या घेतल्या, खजुराला लांबून नमस्कार केला. आणि गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. पूर्वीने तीन महिन्यांची सरासरी का काय म्हणतात ती सांगितली, सहा पूर्णांक नऊ. वजन सत्त्याऐंशी. सुई रद्द, गोळी चालू. ती उठून उभी राहिली आणि माझ्या पाया पडली. (मी तिला सांगितलं, बेटा, तिकीट तू कुठल्याही बाजूने चिकटव.)

मी धावत घरी आलो आणि बाला म्हटलं, बा, उतरला! आता शर्मिष्ठा चहा टाकते, चार चमच्यांचा. बाने देवाला हात जोडले, माझ्या तोंडावरून हात फिरवला, डोळ्यांत पाणी. मग तिचा हात माझ्या गालावर थांबला. गाल चाचपला. दंड चाचपला. म्हणाली, "वजन किती?" मी अभिमानाने सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "अरे, नऊ किलो कुठे गेले?"

इथे आम्ही अडलो आहोत, मामा. बाचं म्हणणं असं की नवस बोलले तेव्हा शहाण्णवचा मुलगा बोलले, सत्त्याऐंशीचा नाही. रणछोडरायाने आपलं काम केलं आणि आता मी त्याला नऊ किलो कमी देऊ? काय तोंड दाखवू? मी म्हटलं, वरचे नऊ किलो वेगळे वाहू. तर म्हणाली, ते दान झालं, तुला नाही झाली. पारडं समोर टेकलं पाहिजे. चैत्री पूनम आठ दिवसांवर आली आहे. तुला होईपर्यंत नवस फिटत नाही, नवस फिटेपर्यंत तिचा चहा मोळाच. आणि माझ्या ताटात परवापासून तुपाची लापशी येते. ती समोर बसते, पंख्याने वारा घालते आणि म्हणते, "खा बेटा, नऊच किलो. पुनमेपर्यंत खा, मग पुन्हा उतरव." मी खाल्लं तर पूर्वी मला सुईवर घेईल. नाही खाल्लं तर ब्याऐंशी वर्षांची म्हातारी फुंकर घालून गार चहा पीत राहील. शर्मिष्ठा दोघांवरही रागावून माहेरी जाते म्हणते, पण माहेर याच गल्लीत असल्यामुळे फरक पडत नाही.

तेव्हा आपण मामींसह चैत्री पुनमेला अवश्य डाकोरला यावं. थोरल्या बहिणीचा नवस आहे, मामाच्या घरचं माणूस तुलेला हवंच. मामींना नमस्कार, माकडांना काही नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
अनुपराम

ता. क. येताना दोघांसाठी पांघरायला जाड शाली आणा. पहाटे डाकोरला गारवा असतो.

ता. क. आणखी एक. शाल जाड हवी याचं खरं कारण असं की तुमच्या जुन्या पेढीवरची लोखंडी वजनं अजून माळ्यावर असतील. पाच किलोचं एक आणि दोन-दोन किलोची दोन. ती शालीखालून आणावीत. तुलेच्या वेळी आपण मला आशीर्वाद द्यायला वाकावं आणि ती माझ्या धोतराच्या घोळात सोडावीत. चौतीस वर्षांत मी एका पाकिटाचं वजन खोटं सांगितलेलं नाही, हे आपण जाणता. पण मला दुसरा मार्ग दिसत नाही. हे पत्र वाचून फाडावं.

ता. क. फाडणारच आहात तर हेही लिहून टाकतो. पूर्वी 'मोळं' म्हणाली तेव्हा ती कुठलं मोळं म्हणाली ते मला व्यवस्थित कळलं होतं. मी गप्प राहिलो, कारण शर्मिष्ठा तेवढ्यात म्हणाली होती, मग शिरा करू का? हे बाला कधी कळू नये.

चि. वजु,

मोटीबेनचे आशीर्वाद. हा पाकीट झोपाळ्यावर उघडं टाकून फिरायला गेलाय. जन्मभर लोकांना ओरडला, पाकीट नीट चिकटवा म्हणून. मी सगळं वाचलं, चष्मा लावून, दोनदा.

वजनं आणू नको, तुझा गुडघा जाईल. आणि देवाच्या दारात तराजू खोटा करायचा नसतो, हे तुला बापूजींनी शिकवलंय. हा माझ्यापायी करायला निघाला होता, म्हणून त्याला काही बोलत नाही.

मोळ्याचं मला ठाऊक होतं. खोटं बोलताना याचा उजवा कान लहानपणापासून हलतो. डॉक्टरीणबाईंकडून बोलणी खाऊन घरी आला आणि "मला वाटलं मीठ" म्हणाला तेव्हा चांगला फडफडला. मी म्हटलं, आता कबूल करेल, मग करेल. शेवटी केलं, पण तुला.

मी आत्ता बसून हिशोब केला, तूही करून बघ, तू धान्याचा माणूस. दिवसाला तीन चहा, चहाला चार चमचे, पाच महिने. बरोबर नऊ किलो होते. म्हणजे तेवढी साखर रणछोडरायाला आधीच पोचली आहे, रोज थोडी थोडी. जेवणावरचा गूळ वेगळा, तो माझ्याकडून त्याला वर. तेव्हा अनु सत्त्याऐंशीचाच बसेल, आणि लापशी मी आत्ताच मंजुळाकडे पाठवली.

येताना खंभातचं हलवासन आण, अर्धा किलो. पहिला गोड घास तुझ्या हातून घेईन. अनुला बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यायचा, डॉक्टरीणबाईंना मी विचारून ठेवलंय. त्याला सांगू नको. आठ दिवस चालू दे अजून.

पाकीट मी चिकटवते.